न दिसणाऱ्या पापाचे न्यायाधीश

ख्रिस्ती मंडळीत एक उलटापालट झाली आहे, आणि ती इतकी जुनी आहे की आता कुणाला खटकतही नाही. जे दिसत नाही त्याचा न्याय आपण हिरिरीने करतो. अमक्याचा विश्वास वरवरचा आहे, तमकीच्या मनात गर्व आहे, त्या तरुणाचे विचार शुद्ध नाहीत. आणि जे ढळढळीत दिसतं, ज्याला साक्षीदार आहेत, ज्याच्या तक्रारी लेखी पडून आहेत, तिथे मात्र आपला आवाज मऊ होतो: आपण सगळेच पापी, न्याय करणारा देव आहे, पहिला दगड कोण टाकणार?

शास्त्रातली वाटणी याच्या नेमकी उलट आहे. इशायाच्या मुलांमधून राजा निवडायला गेलेल्या शमुवेलाला परमेश्वर सांगतो की माणूस बाहेरचं स्वरूप पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. हे वचन आपण नेहमी माणसाला दिलेला टोमणा म्हणून वाचतो. मला त्यात अधिकारक्षेत्राची आखणीही दिसते. हृदय पाहणं हे ज्याचं काम आहे त्याच्याकडे ते राहू द्यावं. आपल्या वाट्याला बाहेरचं आलं आहे, तर निदान ते तरी नीट पाहावं.

मनातल्या पापाचा विषय निघाला की मत्तयाचा पाचवा अध्याय, म्हणजे येशूच्या डोंगरावरील प्रवचनाची सुरुवात, उघडला जातो, आणि ते योग्यच आहे. खून करू नको हे तुम्ही ऐकलं आहे, पण जो आपल्या भावावर रागावतो तोही न्यायास पात्र होईल. व्यभिचार करू नको हे तुम्ही ऐकलं आहे, पण जो स्त्रीकडे कामेच्छेने पाहतो त्याने आपल्या मनात तिच्याशी व्यभिचार केलाच आहे. यावरून सर्रास काढला जाणारा निष्कर्ष असा की विचार आणि कृती सारखीच. येशूने असं म्हटलेलं नाही. ज्याचा खून झाला तो मेलेला असतो. ज्याला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या तो संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. हा फरक येशूला कळत नव्हता असं मानायला मी तयार नाही. त्याच्यापुढे जी माणसं होती त्यांच्यापैकी बहुतेकांनी खून केला नव्हता, आणि त्या बळावर ती स्वतःला स्वच्छ समजत होती. त्यांच्या हातातलं ते प्रमाणपत्र येशू काढून घेतो आहे. खुन्याला तो सूट देत नाही, आणि शेजाऱ्याच्या मनात डोकावण्याचा परवाना तर कुणालाच देत नाही. 'तुझ्या डोळ्यातलं मुसळ' हे वाक्य याच प्रवचनात, दोनच अध्याय पुढे आहे.

मोशेच्या दहा आज्ञांतही हे बीज आहे. खून, चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष यांचा खटला चालवता येतो. लोभ धरू नको या शेवटच्या आज्ञेचा खटला कोण चालवणार? तिला साक्षीदार नाही, पुरावा नाही, आणि मुद्देमाल शेजाऱ्याच्या घरात सुखरूप आहे. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पापाची ओळख सांगताना दहांतून हीच आज्ञा निवडली, हा मला योगायोग वाटत नाही. हाच पौल फिलिप्पैकरांना लिहितो की नियमशास्त्रातल्या नीतिमत्त्वाच्या दृष्टीने तो निर्दोष होता. बाहेरून तपासणाऱ्याला त्याच्यात काही सापडलं नसतं. पकडला तो या एका आज्ञेने, आणि पकडणारा तो स्वतःच होता. आतल्या पापाची शिकवण अशी प्रथमपुरुषी एकवचनात चालते. तिला द्वितीय किंवा तृतीय पुरुषात नेलं की ती बिघडते.

पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती विचारवंतांना हे बरंच नेमकं समजलं होतं. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियसने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची मांडणी केली. खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, आळसटलेली उदासी, पोकळ मोठेपणा आणि गर्व. पुढे पोप ग्रेगरी द ग्रेट याच्या हातून यांतूनच सात पापांची यादी आकाराला आली. एवाग्रियस मात्र त्यांना विचारच म्हणतो, आणि सांगतो की ते येतात की नाही हे आपल्या हातात नसतं. ते रेंगाळतात की नाही, हे असतं. ऑगस्टीनने डोंगरावरील प्रवचनाचं विवरण करताना तीन पायऱ्या सांगितल्या: सूचना, तिच्यात वाटणारी गोडी, आणि संमती. पाप पूर्ण होतं ते संमतीत. याकोबाच्या पत्रात वासना गर्भवती होते आणि पापाला जन्म देते असं म्हटलं आहे. तिथेही काळ जातो, टप्पे आहेत.

हे टप्पे पुसले की काय होतं हे ज्यांनी भोगलं त्यांची नावं छोटी नाहीत. येशूसंघाचा पुढे संस्थापक झालेला इग्नाती लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे होता तेव्हा जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करूनही त्याला काहीतरी राहून गेलं असं वाटत राही, आणि जीव द्यावा इथपर्यंत त्याची मजल गेली. शेवटी मागची पापं पुन्हा कबूल करायची नाहीत असं त्याने ठरवलं, तेव्हा सुटला. एरफुर्टच्या मठात १५०५ साली दाखल झालेला ल्यूथर, पुढचा प्रोटेस्टंट चळवळीचा प्रणेता, पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करायला, बसला की उठत नसे. त्याचा वरिष्ठ श्टाउपिट्स त्याला म्हणे की स्वतःकडे बघणं थांबव, ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ. इंग्लंडमध्ये उपदेशक आणि लेखक जॉन बन्यनच्या डोक्यात 'ख्रिस्ताला विकून टाक' हा एकच विचार दिवसरात्र घुमत असे.

आज मानसोपचाराच्या भाषेत याला नाव आहे: मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी. मानसशास्त्रज्ञ रॅकमन आणि डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की कोणताही आजार नसलेल्या बहुसंख्य माणसांच्या मनातही हिंसक, अश्लील किंवा देवनिंदेचे नको असलेले विचार डोकावून जातात. फरक विचारात नसतो, त्याला दिलेल्या अर्थात असतो. बहुतेक माणसं तो झटकून पुढे जातात. एखाद्याला मात्र वाटतं की हा विचार आला म्हणजे मी तसाच आहे, आणि तो त्याच विचाराशी झुंजत बसतो. झुंजल्याने विचार बळावतो. 'मनातलं पाप हे केल्यासारखंच' असं दर रविवारी ऐकवणाऱ्या उपदेशकाला आपण कुणाच्या आजारात भर घालतो आहोत, हे ठाऊक असायला हवं. ज्यांना ते ऐकायची गरज असते ते मागच्या बाकावर पेंगत असतात, आणि ज्यांनी ते ऐकू नये ते पहिल्या रांगेत वहीत उतरवून घेतात.

आता नीतिमान ठरण्याचा, म्हणजे देवापुढे निर्दोष गणलं जाण्याचा, प्रश्न. पौलाचा सगळा युक्तिवाद उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातल्या एका ओळीवर उभा आहे: अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि त्याने ते त्याच्या बाजूने नीतिमत्त्व असं गणलं. पौल विचारतो, हे कधी गणलं? सुंतेच्या आधी की नंतर? सुंता सतराव्या अध्यायात आहे, म्हणजे आधी. वकिली मुद्दा आहे, पण बिनतोड आहे. अब्राहाम त्या वेळी कोणत्याही पात्रतेच्या यादीत बसत नव्हता. त्याच्याकडे एका आश्वासनाशिवाय काही नव्हतं, आणि त्या आश्वासनावर त्याने भार टाकला. संदेष्टा हबक्कूकचं 'नीतिमान आपल्या विश्वासाने वाचेल' हे वचन पौलाने घेतलं आणि पंधरा शतकांनी ते ल्यूथरच्या हाती आलं. १५४५ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, मागे वळून पाहताना ल्यूथरने लिहिलं की देवाचं नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला शिक्षा करणारा न्याय असं तो समजत आला होता. ते देव माणसाला देतो आणि माणूस विश्वासाने घेतो, हे उमगलं तेव्हा स्वर्गाचे दरवाजे उघडल्यासारखं त्याला वाटलं.

मला यातला सर्वांत कमी चर्चिलेला परिणाम महत्त्वाचा वाटतो. माझा स्वीकार माझ्या मनाच्या अवस्थेवर अवलंबून असेल, तर मी माझ्या मनाबद्दल खोटं बोलणार. दुसऱ्यांशी आणि स्वतःशीही. नोकरी जायची भीती असलेला कारकून हिशेबातली चूक दाखवत नाही, लपवतो. स्वीकार आधीच झालेला असेल तरच आत पाहणं परवडतं. म्हणून विश्वासाने नीतिमान ठरणं ही आतल्या पापाकडे कानाडोळा करण्याची सोय नाही. आतलं पाप न घाबरता पाहता यावं याची ती पूर्वअट आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र कसोशीने पाळणाऱ्या पंथाचा माणूस, मंदिरात उभा राहून खोटं बोलत नव्हता, हे लक्षात घ्यावं. तो खरोखर उपास करत होता, दशांश देत होता, आणि त्याबद्दल देवाचे आभारही मानत होता. त्याचा घोटाळा असा की त्याच्या प्रार्थनेत दूर उभा असलेला जकातदार आला. जकातदाराच्या प्रार्थनेत कुणीच आलं नाही. त्याने पापांची यादीही दिली नाही. एवढंच म्हणाला की हे देवा, मज पाप्यावर दया कर, आणि येशू म्हणतो, तो नीतिमान ठरून घरी गेला.

बाप्तिस्म्यानंतरही माणसात जी ओढ उरते ती स्वतःच पाप आहे की पापाकडे नेणारी केवळ वृत्ती, यावर सोळाव्या शतकात घनघोर वाद झाला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४६ मध्ये सांगितलं की ती खऱ्या अर्थाने पाप नव्हे. ल्यूथरचे अनुयायी म्हणाले, पापच आहे, पण ख्रिस्तामुळे ते विश्वासणाऱ्याच्या खाती मांडलं जात नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तेव्हा हा मुद्दा पूर्ण मिटला नव्हता. पण एकमेकांना शाप देण्याइतकं त्यात काही नाही हे दोघांनी मान्य केलं. साडेचार शतकं लागली. मला दोन्ही बाजू एकाच माणसाला धीर देताना दिसतात, एक म्हणते हे तुझं पाप नाही, दुसरी म्हणते ते तुझ्यावर धरलं जाणार नाही, आणि मध्यरात्री जागत पडलेल्याला यांतलं कुठलंही पुरेल.

पण सिद्धांत शुद्ध असला म्हणून मंडळी शहाणी होते असं नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावं असा नियम केला, आणि ट्रेंटने १५५१ मध्ये लोभाच्या आज्ञांविरुद्धची गुप्त पापंही त्यात धरली. यावर प्रोटेस्टंट लोक भुवया उंचावतात. त्यांनी आपला इतिहास पाहावा. केवळ विश्वासाने तारण असं शिकवणाऱ्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन मंडळ्यांनी १६३० च्या दशकात सभासदत्वासाठी एक अट घातली: देवाच्या कृपेचा अनुभव आपल्याला कसा आला हे उमेदवाराने सांगायचं आणि मंडळीने ते पारखायचं. पुढची पिढी चर्चमध्ये वाढली, सरळ वागली, पण सांगण्याजोगा अनुभव तिच्यातल्या अनेकांपाशी नव्हता. मग त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही? १६६२ मध्ये अर्ध्या सभासदत्वाची तडजोड काढावी लागली. कृती नको, विश्वास हवा म्हणता म्हणता विश्वास हीच एक तपासायची कृती होऊन बसली. आणि पापनिवेदनात निदान माणूस स्वतःबद्दल स्वतः बोलतो आणि ऐकणारा तोंड बंद ठेवायला बांधलेला असतो. मंडळीच्या कुजबुजीला तेवढंही बंधन नाही.

आता उलटापालटीचा दुसरा अर्धा भाग, जो जास्त गंभीर आहे.

'आपण सगळेच पापी' हे पौलाचं वाक्य देवासमोर खरं आहे. ते ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासमोर उच्चारलं की त्याचा अर्थ बदलतो. दाविदाचं एक्कावन्नावं स्तोत्र घ्या. पश्चात्तापाची याहून खोल प्रार्थना मला माहीत नाही, तरी त्यातली 'तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं' ही ओळ वाचताना दर वेळी उरीयाची आठवण येते, ज्याची बायको बथशेबा दाविद राजाने घेतली आणि ज्याला त्याने लढाईत मारवलं. त्याच्याविरुद्ध काहीच नाही? बथशेबेविरुद्ध? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात संदेष्टा नाथान दाविदाला सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. आणि त्याच संभाषणात हेही की तलवार तुझ्या घरातून हटणार नाही. क्षमा झाली, परिणाम राहिले. नाथानाने 'आपण सगळेच पापी' असं म्हणून विषय मिटवला नाही. तो बोटच रोखून म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. कृती घडलेली होती, माणूस मेलेला होता, आणि तिथे बोट रोखणं हे संदेष्ट्याचं कामच होतं.

बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नियम आहे की कुणी दुसऱ्याचा अपराध केला तर त्याने पाप कबूल करावं आणि पूर्ण भरपाई करून वर पाचवा हिस्सा द्यावा. कबुली आणि भरपाई एकाच दमात येतात. जक्कय मुख्य जकातदार होता. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करतो. येशूने त्याला थांबवलं नाही, कृपेत असल्या हिशेबाला जागा नाही असं म्हटलं नाही. या घराला आज तारण झालं आहे, असं म्हटलं. आणि मत्तयाच्या त्याच पाचव्या अध्यायात, रागाच्या वचनाला लागून आणि वासनेच्या वचनाआधी, एक सूचना आहे जिच्यावर फारसे उपदेश होत नाहीत. वेदीवर अर्पण आणलं असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा, समेट कर. देवाला थांबायला सांगितलं आहे.

ही ओळ विसरली गेली त्याची किंमत किती, हे गेल्या काही वर्षांत जगासमोर आलं. फ्रान्समधल्या कॅथलिक चर्चच्याच सांगण्यावरून नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अहवाल दिला. १९५० पासूनच्या सत्तर वर्षांत धर्मगुरू आणि व्रतस्थांकडून अत्याचार झालेल्या अल्पवयीनांचा त्याचा अंदाज सुमारे २,१६,००० होता. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यात हा गुन्हा धर्मगुरूंच्या विशेष बंधनांविरुद्धच्या गुन्ह्यांत, सहाव्या आज्ञेचा भंग म्हणून मोडत असे. (कॅथलिक मोजणीत व्यभिचाराची आज्ञा सहावी येते, इतर अनेकांच्या मोजणीत सातवी.) म्हणजे मोडलं काय, तर धर्मगुरूचं ब्रह्मचर्य. बिघडलं कुणाचं, तर त्याच्याच आत्म्याचं. मूल त्या चौकटीत कुठेच नव्हतं. ८ डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारणेत हा गुन्हा मानवी जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या शीर्षकाखाली हलवला गेला. एक कलम इकडून तिकडे नेलं, पण माझ्या मते धर्मशास्त्राच्या दृष्टीने या शतकात झालेल्या मोठ्या दुरुस्त्यांपैकी ही एक आहे. प्रोटेस्टंटांनी इथेही भुवया उंचावू नयेत. अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट संघाच्या चौकशीचा अहवाल मे २०२२ मध्ये आला, आणि आरोप झालेल्या पाळकांची यादी वरिष्ठांच्या कार्यालयात वर्षानुवर्षं गुपचूप ठेवली जात होती हे त्यातून उघड झालं.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो हलका नाही. भरपाई, चौकशी, पदत्याग असं सगळं मागायला लागलो तर विश्वासाने नीतिमान ठरण्याचं काय उरलं? मागच्या दाराने कर्मकांड परत आलं नाही का? मला तसं वाटत नाही. जक्कयाने चौपट परत दिलं म्हणून येशू त्याच्या घरी गेला नाही. येशू घरी आला म्हणून त्याला चौपट परत देणं जमलं. क्रम महत्त्वाचा आहे. ज्याला देवाने आधीच स्वीकारलं आहे त्याचं पद, नाव, प्रतिष्ठा गेली तरी मुख्य ते जात नाही. तेव्हा जो पाळक म्हणतो की देवाने मला क्षमा केली, आता पोलिसांत कशाला जायचं, त्याला मी विचारेन की क्षमेवर इतका भरवसा आहे तर पोलिसांची इतकी भीती का? शिक्षेतून सुटायला पौल कधी कृपेचा दाखला देत नाही; रोमी सुभेदार फेस्ताच्या न्यायासनासमोर तो सरळ म्हणतो की मी मरणाला योग्य असं काही केलं असेल तर मरायला नकार देत नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफरने १९३७ मध्ये स्वस्त कृपेवर प्रहार केला तो याच जागी: पापाला नीतिमान ठरवणारी, पाप्याला नव्हे, अशी कृपा.

राहिला ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस. मनातल्या पापाची शिकवण सर्वांत क्रूरपणे वापरली जाते ती त्याच्यावर. 'तुझ्या मनात कडवटपणा आहे. राग हेही पापच. तू क्षमा केली नाहीस तर देव तुला क्षमा करणार नाही.' ज्याने केलं त्याच्या कृतीवर पांघरूण, आणि ज्याला सोसावं लागलं त्याच्या विचारांची झडती. उलटापालट इथे पूर्ण होते. बायबलला मात्र या रागाची एवढी धास्ती वाटत नाही. एकशे सदतिसावं स्तोत्र सूडाच्या इतक्या भीषण इच्छेवर संपतं की मोठ्याने वाचवत नाही, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, कुणी छाटून टाकलेलं नाही. तो राग देवासमोर ओतलेला आहे. देव त्याचं काय करायचं ते बघेल. क्षमा येईल तेव्हा येईल, ती मागायचा हक्क मंडळीला नाही, आणि अपराध्याला तर नाहीच. तोवर त्या माणसाच्या मनात काय आहे हे विचारण्याऐवजी त्याचं काय हिरावलं गेलं आणि ते भरून द्यायला कोण बांधलेलं आहे, एवढं मंडळीने विचारावं. या प्रश्नाचं उत्तर शोधायला हृदय पारखता यावं लागत नाही.